पिवळ्या टेपचे दोन पेले

आजार माणसाला त्याच्या खऱ्या स्वरूपाची ओळख करून देतो, असं मी अनेक आदरणीय लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. माझ्या आजाराने ती ओळख आधी सीटी स्कॅन काढणाऱ्या केंद्राला करून दिली. त्यांच्या अहवालात माझं नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं, छातीच्या मधोमध सुजलेल्या लसीका ग्रंथींचे आकार मिलिमीटरमध्ये दिले होते, आणि लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' असं छापलं होतं.

दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढणं हाच माझा पोटाचा धंदा. त्यामुळे मी खिशातलं पेन काढून पहिल्यांदा त्या रकान्याभोवती गोल केला.

माझी बायको शैला शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अहो, त्याच्या खालचं वाचा."

खालचं वाचलं. या गाठी कशाच्या असू शकतील याची तिथे छोटी यादी होती. टीबी, सार्कॉइडोसिस, लिम्फोमा. त्यातला पहिला शब्द आम्हाला माहीत होता, तिसरा म्हणजे गाठींचा कॅन्सर हे माहीत नसतं तर बरं झालं असतं, आणि मधला दोघांनाही नीट उच्चारता येईना. यादीखाली लिहिलं होतं: लक्षणांशी ताडून पाहावे. म्हणजे आम्हाला जे दिसलं ते सांगितलं, पुढे तुमचं तुम्ही बघा.

ज्यांच्या हातात आज असाच कागद असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टरांकडून घ्यावी. कागद हातात आल्यापासून उत्तर मिळेपर्यंत मधे जो काळ जातो, त्यात काय होऊ शकतं एवढंच यात आहे.

*

सुरुवात साधी होती. चाकणला आमची कंपनी गाड्यांच्या नळ्यांवर बसणारे क्लॅम्प बनवते आणि मी तिथे क्वालिटी बघतो. क्लॅम्प म्हणजे एक गोल पट्टी. स्क्रू फिरवला की आवळत जाते. एक दिवस जिना चढताना माझ्या छातीभोवती तसंच काहीतरी आवळलं. दुखलं नाही. श्वास जेवढा आत जायचा तेवढा गेला आणि पुढे जागाच संपली. क्लॅम्प चांगला होता, हे मान्य करावं लागेल. सगळीकडून सारखा बसला होता.

छाती म्हटलं की सगळ्यांना हृदय आठवतं. शकील आमच्याकडे मेंटेनन्स बघतो. मी आणि तो वर्षानुवर्षं एकाच टेबलावर डबा खातो. त्याने डबा तसाच उघडा टाकला आणि गाडीची किल्ली काढली.

"चला साहेब. ईसीजी."

"अरे, जिना चढलो म्हणून दम लागला."

"राव, माझा मेव्हणा पण असंच म्हणाला होता."

"मग?"

"मग काय, गॅस निघाला. पण सगळ्यांच्या नशिबात गॅस नसतो."

माझ्या नशिबात ईसीजी चांगला होता. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून पाहिलं, तेही चांगलं आलं. मग ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग एका मोठ्या डॉक्टरांनी टेन्शन कमी करायला सांगितलं; ते सांगत असताना त्यांचे दोन्ही फोन वाजत होते. तोवर कोरडा खोकला सुरू झाला होता आणि संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढायचं काम मला मोठ्या प्रकल्पासारखं वाटायला लागलं होतं. शेवटी आमच्या रावेतमधल्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढायला लावला. तो त्यांनी उजेडासमोर धरला, चष्मा पुसला आणि पुन्हा धरला. डॉक्टरांनी एकच एक्स-रे दोनदा पाहिला की पेशंटला सगळं कळतं, फक्त काय ते कळत नाही.

एक्स-रेवरून सीटी, सीटीवरून तो कागद, आणि कागदावरून आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो.

*

हे डॉक्टर तरुण होते आणि हळू बोलत. भिंतीवर एकही मानपत्र नव्हतं, म्हणून मला ते लगेच आवडले. त्यांनी स्त्री-पुरुषाची चूक माझ्याआधी पाहिली आणि स्वतःच दुरुस्त केली, म्हणून आणखी आवडले. मग प्रश्न विचारले.

"धुळीत काम केलंय?"

"तरुणपणी भोसरीला फाउंड्रीत होतो. वाळूचे साचे भरायचो."

"घरात पक्षी? कबुतरं?"

"पाळलेली नाहीत. पण सोसायटीत माणसांपेक्षा जास्त आहेत."

"वजन उतरलंय? संध्याकाळी ताप? रात्री घाम?"

थोडं, नाही, नाही.

"घरात कोण कोण असतं?"

"मी, ही, आणि आई. आई पंच्याऐंशीची आहे."

त्यांनी थुंकीची तपासणी करून घेतली. तिच्यात काही सापडलं नाही, फुफ्फुसंही स्वच्छ दिसत होती. मग ते म्हणाले, "गाठ नेमकी कसली ते तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. घशातून दुर्बीण घालून सुईने नमुना घेऊ. अंदाजाने कुठलंच औषध सुरू करायचं नाही."

मी म्हणालो, "टीबी असेल तर आईला?"

"फुफ्फुस स्वच्छ आहे, थुंकी स्वच्छ आहे. नुसत्या गाठींचा टीबी असला तरी तो सहसा पसरत नाही. घरात वेगळं राहायची गरज नाही."

शैलाने सुटकेचा निःश्वास टाकला. तिने 'गरज नाही' हे ऐकलं. मी 'सहसा' ऐकलं.

आमच्या कामात 'सहसा' या शब्दाला किंमत नाही. सहसा न गळणारा क्लॅम्प कुणी विकत घेत नाही. मीटिंगमध्ये एखाद्या इंजिनियरने 'सर, सहसा असं होत नाही' म्हटलं की मी त्याला खाली बसायला सांगतो. डॉक्टरांना खाली बसायला सांगता येत नव्हतं, ते बसलेलेच होते.

*

कारखान्यात मालाला तीन रंग असतात. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे होल्ड, ज्याचं अजून काही ठरलेलं नाही असा माल. त्याला पिवळं लेबल लावून, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या जागेत, बाकीच्या मालापासून दूर ठेवायचं. आणि चांगला आहे असं सिद्ध होईपर्यंत तो वाईटच समजायचा; तोवर लॉट रिलीज करायचा नाही, म्हणजे बाहेर जाऊ द्यायचा नाही. नवीन भरती झालेल्यांना मी हे स्वतः शिकवतो. शंका आली की होल्ड. दया आली तरी होल्ड.

घरी आल्यावर मी स्वतःला होल्डवर टाकलं.

बाल्कनीच्या बाजूची खोली घेतली. दार उघडं ठेवायचं, पण उंबऱ्याच्या आत कुणी यायचं नाही. ताट वेगळं, वाटी वेगळी. पाण्या-चहाचा स्टीलचा पेला वेगळा ओळखू यावा म्हणून त्याच्याभोवती पिवळी टेप गुंडाळली. आमच्या कारखान्यात जमिनीवर रेषा आखायला जी वापरतात तीच. गाडीच्या डिकीत तिचा एक रोल पडलेला होता. तिच्यावरून फोर्कलिफ्ट गेली तरी ती निघत नाही.

शैला ते सगळं दारात उभी राहून बघत होती.

"डॉक्टर म्हणाले ना गरज नाही म्हणून?"

"सहसा म्हणाले."

"अहो, हे घर आहे. चाकण नाही."

"आईला काही झालं तर?"

ती वेगळी ताट-वाटी काढायला गेली. या प्रश्नावर उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणून तर तो विचारणाऱ्याचं नेहमी खरं होतं.

आई मावळातली. लग्न होऊन चिंचवडला आली तेव्हा भोवती शेतं होती, असं ती सांगायची. पुढे शेतांचे कारखाने झाले, कारखान्यांच्या सोसायट्या झाल्या, मी तिला लिफ्ट असलेल्या इमारतीत आणलं, आणि तिच्या बोलण्यातला एक शब्दही बदलला नाही. ती वॉकर टेकत टेकत आली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

"ह्ये काय काढलंस, बाळ्या?"

"आई, मला टीबी असेल कदाचित. आत येऊ नकोस."

"असंल का हाय?"

"अजून माहीत नाही."

"मंग माहीत झाल्यावर बस की बाजूला."

"तसं नाही चालत. तुला झाला तर?"

तिने जरा विचार केला. "मला धरून त्याला काय मिळायचंय? त्याचंच नुकसान."

मग तिने शैलाला सांगून पॅसेजमध्ये खुर्ची मांडून घेतली, उंबऱ्याच्या बरोबर बाहेर. तिला रेषा दाखवली होती. तिने रेषेला लावून खुर्ची टाकली.

*

दुर्बिणीच्या दिवशी शकीलने सुट्टी टाकली. शैलाला आईजवळ थांबायचं होतं. हॉस्पिटलात सकाळी उपाशीपोटी नेऊन बसवलं, मागे नाड्या असलेला गाऊन दिला. माणूस कितीही ज्येष्ठ अधिकारी असो, तो गाऊन घातला की त्याची पाठमोरी बाजू सगळ्यांसारखीच असते. सिस्टरने कागद पाहून हाक मारली, "मॅडम कुठायत?" सुधारलेली नोंद अजून तिथपर्यंत पोचली नव्हती. शकील उठून म्हणाला, "मॅडम ह्याच." सिस्टर हसली. मला त्या सकाळी ती एक गोष्ट बरी वाटली.

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, आणि टीबीला नव्हे. यादीतल्या तिसऱ्या शब्दाला. तो शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. शैलाने तो फोनवर शोधून पाहिला होता हे मला ठाऊक होतं, कारण मीही तेच केलं होतं आणि आम्हा दोघांचे चेहरे एकाच संध्याकाळी सारखेच पडले होते. टीबीची मी एवढी व्यवस्था लावली त्याचं एक कारण हेही असेल. टीबीचं काहीतरी करता येत होतं. पेल्याला टेप लावता येत होती.

घशात बधिर करायचा फवारा मारला आणि हातात सुई टोचली. एक वॉर्डबॉय ट्रॉली ढकलताना म्हणाला, "काका, छताकडं बघू नका, पंखे मोजत बसाल." मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळं झालेलं होतं, घसा जळत होता, आणि शकील पलंगाजवळ उभा होता.

"बोललात तुम्ही गुंगीत," तो म्हणाला.

"काय?"

"लॉट रिलीज करू नका, म्हणालात. डॉक्टर घाबरले राव, त्यांना वाटलं त्यांनाच म्हणताय."

काही दिवसांनी निम्मं उत्तर आलं. लिम्फोमा नाही. शैला डॉक्टरांच्या खोलीतच रडली, आणि डॉक्टरांनी टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला, अगदी सवयीने. पण गाठीत ज्या प्रकारची सूज दिसत होती ती टीबीतही दिसते आणि त्या मधल्या, उच्चारता न येणाऱ्या आजारातही. टीबीची लवकर निकाल देणारी तपासणी निगेटिव्ह होती. तरी नमुना प्रयोगशाळेत वाढवायला ठेवला होता. त्यात जंतू वाढतात का ते कळायला काही आठवडे लागतात.

"मला वाटतं टीबी नसावा," डॉक्टर म्हणाले. "पण खात्री होईपर्यंत थांबू."

नसावा. सहसाचाच भाऊ. मी घरी येऊन परत माझ्या खोलीत बसलो.

*

त्या आठवड्यांबद्दल लिहिताना मी माझ्या तब्येतीबद्दल फार लिहू शकत नाही. छाती आवळायची, सैल व्हायची. खोकला यायचा. शैला दोन ठिकाणी जेवण वाढायची, दोन ठिकाणची भांडी वेगळी घासायची आणि दिवसेंदिवस कमी बोलायची. एकदा मात्र ताट ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्हाला टीबी आहे का नाही ते कळेल तेव्हा कळेल. मला वेड लागलंय का ते कुणाला विचारू?" मी काहीतरी विनोद केला. तो चांगला नव्हता.

दुपार तेवढी बरी जायची. जेवण झालं की आई खुर्चीवर येऊन बसायची आणि मी आतून, मास्क लावून, तिला पेपर वाचून दाखवायचो. राजकारण तिला नको असायचं. "ती लोकं वर्षभर तेच बोलत्यात." धरणात पाणी किती आणि आपल्याकडे कधी येणार, हे हवं असायचं. आणि सगळ्यात शेवटी निधनवार्ता. त्या ती लक्ष देऊन ऐकायची. मी नाव वाचायचो, गाव वाचायचो, मागे कोण कोण आहे ते वाचायचो, आणि प्रत्येकानंतर ती निकाल द्यायची.

"वळखीचं न्हाई."

पुढचं नाव.

"वळखीचं न्हाई."

कधीमधी एखादं ओळखीचं निघायचं. मग ती मान हलवून म्हणायची, "लई चिक्कू हुता," आणि श्रद्धांजली संपायची. मृतांबद्दल एवढं खरं बोलणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

अशाच एका दुपारी मी बाथरूममधून बाहेर आलो तर ती खुर्चीवर नव्हती. ती माझ्या खोलीत, माझ्या पलंगाशी उभी होती. एक हात वॉकरवर. दुसऱ्या हातात माझा पिवळ्या टेपचा पेला. त्यात माझा अर्धा राहिलेला चहा होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि तो पिऊन टाकला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवतं, इथे लिहीत नाही. शैला धावत आली.

आई शांत होती. "झालं का? आता मी बी तुझ्याच डब्यात. आता इथं बसू दी."

तिचा हिशेब सरळ होता. दोघं संशयित, दोघं एकाच जागी ठेवायला हरकत नाही. कारखान्यातला कुणीही माणूस हे मान्य करील. पण माझ्या डोक्यात दुसरा नियम होता. एकदा संपर्क आला म्हणजे लागण झाली असं नाही, आणि जेवढा संपर्क वाढेल तेवढा धोका वाढेल. मी तिला हाताला धरूनसुद्धा बाहेर नेलं नाही; शैलाला न्यायला सांगितलं. मग मास्क लावला, स्वयंपाकघरात जाऊन आईचा पेला घेतला आणि त्यालाही टेप लावायला लागलो, शैलाची भांडी वेगळी राहावीत म्हणून.

आई दारातून बघत होती. तिला वाटलं तिचं म्हणणं मान्य झालं.

"नीट दाबून लाव," ती म्हणाली. "निघाय नको."

मी अंगठ्याने नीट दाबून लावली. ती पेला हातात फिरवून बघत खुश झाली. "माझा बी पिवळा." मग ती वॉकर वळवून माझ्या खोलीकडे निघाली. मी तिला उंबऱ्यावर थांबवलं.

तिने वाद घातला नाही. खुर्चीवर बसली. "बरं," म्हणाली. "वाच."

*

ज्या दिवशी ती गेली त्या दुपारी मी तिला पेपरच वाचून दाखवत होतो. पाणी एक दिवसाआड येणार होतं. ते ऐकून तिने नेहमीप्रमाणे महापालिकेला एक शिवी दिली. मग मी निधनवार्तांकडे वळलो. पहिलं नाव वाचलं.

"वळखीचं न्हाई."

दुसरं वाचलं. तिने काही म्हटलं नाही. दुपारी तिला पेंग यायची. हनुवटी छातीवर टेकायची, पदर ओघळायचा. मी वर बघितलं, हनुवटी टेकलेली होती. मी आवाज जरा खाली आणला आणि पुढची नावं वाचत राहिलो. मधेच थांबलं तर तिला जाग यायची, म्हणून थांबलो नाही. शेवटचं नाव वाचून झालं, पेपराची घडी घातली.

शैला चहा घेऊन आली, आईच्या खांद्याला हात लावला आणि ट्रे खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली. एवढंच.

मी उंबरा ओलांडला. तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिचा हात धरला; तो अजून गार झाला नव्हता. किती आठवड्यांनी धरला ते मला सांगायचं नाही. मी तसाच बसलो होतो तेव्हा शैला माझ्याजवळ वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मास्क काढा आता."

डॉक्टरबाई आल्या. हृदय थकलं होतं, म्हणाल्या. त्रास झाला नसणार. सहसा होत नाही.

*

आमच्याकडे दशक्रियेला भाषणं असतात. बाहेरच्या लोकांना हे खरं वाटत नाही. घाटावर मांडव, मांडवात माईक, प्रवचन, आणि प्रवचन झालं की मान्यवरांच्या श्रद्धांजल्या. माझ्या चुलतभावाने आईचा फ्लेक्स लावला होता. त्यात तिच्यामागे ढग आणि सूर्यकिरण होते आणि तिचा रंग चांगलाच उजळवला होता. ती असती तर म्हणाली असती, वळखीचं न्हाई.

मी मुंडण करून पुढच्या रांगेत बसलो होतो, मास्क लावून. एक माजी नगरसेवक बोलायला उभे राहिले. आईला ते कधी भेटलेले नव्हते. "या मातोश्रींनी," ते म्हणाले, "या उद्योगनगरीची जडणघडण आपल्या डोळ्यांनी पाहिली. या माउलीने घडवलेला मुलगा आज एका दुर्धर आजाराशी निर्धाराने झुंज देतो आहे." सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी निर्धार कुठे असतो तो शोधत होतो, तेवढ्यात खिशात फोन थरथरला.

प्रयोगशाळेचा अहवाल होता. नमुन्यात टीबीच्या जंतूंची वाढ आढळली नाही. अंतिम.

शकील माझ्या मागे बसला होता. मी फोन खांद्यावरून त्याच्याकडे दिला. त्याने वाचला. माईकवर झुंज चालूच होती. शकीलने फोन परत दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. भाषण संपेपर्यंत त्याने तो काढला नाही.

*

आजार सार्कॉइडोसिस निघाला. आता मला हा शब्द उच्चारता येतो. डॉक्टरांनी समजावलं की शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था विनाकारण गाठी तयार करते. पुष्कळांचा आपोआप बरा होतो, काहींना औषध लागतं. मला थोडं लागलं.

"कशामुळे होतो?" मी विचारलं.

"नक्की माहीत नाही."

आमच्याकडे कस्टमरची तक्रार आली की 'का' हा प्रश्न एकाखाली एक विचारत मूळ कारणापर्यंत जावं लागतं. कारणाच्या जागी 'माहीत नाही' लिहिलं तर ते परत येतं. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी तिथे तेच लिहिलंय आणि त्यांचं काही परत येत नाही.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला फोनवर वाचून माहीत होतं. तरी विचारला.

"हा कुणाला लागतो का?"

"नाही."

"सहसा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. आईचं त्यांना कळलेलं होतं. "नाही," ते म्हणाले. "सहसा नाही. कधीच नाही."

ज्यांच्या हातात तो यादीवाला कागद आहे त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. तपासणीच्या आधी अंदाजाने औषध घेऊ नका, आणि कुणी देऊ करत असेल तर का ते विचारा. उशीर लागतो, लागू द्या. यादीतला सगळ्यात वाईट शब्द सगळ्यांनाच दिसतो, तो बहुधा आपला नसतो. आणि डॉक्टरांना हे जरूर विचारा की माझ्याजवळ कुणी बसलं तर चालेल का. ते हो म्हणाले, तर त्या हो-ला कसलाही शब्द चिकटलेला असू दे, बसू द्या. खऱ्याच संसर्गाचा टीबी असेल तर ते स्वतःहून सांगतात, तसं सांगायला ते लाजत नाहीत.

माझी छाती आता मोकळी आहे. जिना चढतो. कंपनीत जातो. पिवळ्या पट्ट्यांच्या आतला माल उलट सिद्ध होईपर्यंत वाईटच समजतो, कारण तो क्लॅम्पचा माल आहे आणि त्याची कुणी खुर्ची मांडून वाट बघत नाही. पॅसेजमधली खुर्ची आम्ही उचललेली नाही. शैला तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. दुपारी सुट्टी असली तर मी पेपर वाचतो, मनात. शेवटचं पान वाचत नाही.

मागच्या आठवड्यात शैलाने भांडी आवरायला काढली. दोन्ही पेले गरम पाण्यात भिजत घातले, मग खोबरेल तेल लावून ठेवलं. माझ्या पेल्यावरची टेप एका ओढीत निघाली. आईच्या पेल्यावरची निघत नाही. नखाने झालं, सुरीने झालं, शकीलने कंपनीतून सॉल्व्हंट आणून दिलं, त्यानेही निघाली नाही.

दोन्ही टेप एकाच रोलमधल्या आहेत.